कपड्यावर वाळलेला फेविकॉल, ग्लू गनचा गोळा, फेविक्विक कसं काढायचं (घाई न करता, कपडा न बिघडवता)

गौरी-गणपतीचं डेकोरेशन, शाळेचा कार्यानुभवाचा प्रोजेक्ट आणि दिवाळीचा आकाशकंदील, या तिन्ही वेळा आमच्याकडे एक गोष्ट ठरलेली, कुणाच्या तरी कपड्यावर फेविकॉल सांडणार. गडबडीत कुणाचं लक्ष जात नाही, जातं ते दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला काढताना, आणि तोपर्यंत त्याची कडक खपली झालेली असते. २०१८ ला आपल्याकडे थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून बरेच जण मखर पुठ्ठ्याचं, कागदाचं, कापडाचं करायला लागले, ते चांगलंच झालं, पण त्यात चिकटवायचं काम खूप असतं म्हणून असे डागही वाढले.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आईची इरकल. मखराला कापड लावताना पदराजवळ फेविकॉलचा रुपयाएवढा ठिपका पडला होता, मला वाटलं आत्ताच्या आत्ता काढून टाकू म्हणजे आईला वाईट वाटायला नको, म्हणून कपडे घासायचा ब्रश घेतला आणि साबण लावून जोर लावला. फेविकॉल निघाला हो, पण त्याबरोबर धागेही उसवल्यासारखे झाले, त्या जागी पांढुरका भुरकट पट्टा आला आणि तो काही गेला नाही. आई काहीच बोलली नाही, आता ती साडी अशी नेसते की तो भाग निऱ्यांत जातो. नंतर कळलं की तो डाग रात्रभर पाण्यात राहिला असता तर बोटाने सुटला असता. बहुतेक वेळा कपड्याचं नुकसान डागापेक्षा डाग काढताना जास्त होतं, तेव्हा खाली जे जे लिहिलंय त्यात घासणं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी आहे.

आधी बघा, लागलंय काय

सगळे ग्लू एकसारखे नसतात. एकाला पाणी चालतं, दुसऱ्यावर तेच पाणी वाया जातं, तिसऱ्याला इस्त्री लावली तर निघतो आणि चौथ्याला लावली तर कायमचा बसतो. म्हणून बाटली सापडत असेल तर आधी बाटली बघा. नसेल सापडत तर डागाकडे बघूनही बरंच कळतं.

पारदर्शक किंवा किंचित पांढुरका पापुद्रा, वाकवला तर थोडा वाकणारा, ओलं बोट दोन-तीन मिनिटं ठेवलं की दुधाळ पांढरा होणारा, हा नेहमीचा पांढरा फेविकॉल. यावर पाण्याचा परिणाम होतो. मेणबत्तीच्या मेणासारखा जाडसर, रबरासारखा दबणारा गोळा असेल आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू असतील तर तो ग्लू गनचा. काचेसारखा कडक, दाबला तर टोचणारा, कापडात पार मुरलेला आणि आजूबाजूला पांढरी धुरकट कड असलेला डाग म्हणजे फेविक्विक. पिवळसर तपकिरी, चिकट, अंगठ्याने चोळलं तर रबराच्या गोळ्या होतात, ते चपला-रेक्झीनला लावतात ते सोल्युशन. आणि ग्लू स्टिक, डिंक, घरची खळ असली तर काळजीच करू नका, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून नेहमीसारखं धुतलं की जातात.

दुसरं बघायचं ते कापड. शाळेचा टेरीकॉटचा युनिफॉर्म, सुती कुर्ता, जीन्स, चादर हे बरंच सहन करतात. रेशीम, पैठणी, जरीचे काठ, लोकर, वेल्वेट यांच्यावर घरी प्रयोग नको, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तिसरं म्हणजे टेस्ट. कपड्याच्या आत शिवणीला जी माया सोडलेली असते ना, तिथे आपण जे वापरणार त्याचे दोन थेंब टाकायचे, पाच मिनिटांनी पांढऱ्या रुमालाने दाबून टिपायचं. रुमालावर रंग उतरला तर ते द्रव त्या कपड्याला नको, सरळ गोष्ट आहे. साडीला माया नसते तर आत खोचतो त्या टोकाला बघा.

आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही (ग्लू गनला एक अपवाद आहे, तो पुढे येईल), कडक उन्हात वाळवणं नाही, ड्रायर नाही. पांढरा फेविकॉल उष्णतेने मऊ पडतो आणि दाबाने धाग्यांच्या आत जातो, एकदा इस्त्री फिरली की वरचा डाग आतला होतो आणि मग खूप त्रास देतो.

पांढरा फेविकॉल

दहातले आठ डाग हेच असतात म्हणून याच्यावर जरा जास्त लिहिते. हा जो आपण क्राफ्टला वापरतो तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचे बारीक बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेला असतो, पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. परत पाणी दिलं म्हणून तो साखरेसारखा विरघळून जात नाही, पण पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि त्याची धाग्यावरची पकड ढिली पडते. म्हणजे आपल्याला त्याला विरघळवायचं नाहीये, त्याला फुगवून सोडवायचंय, हे एकदा डोक्यात बसलं की मग घाई आपोआप कमी होते.

जाड थर असेल तर आधी तो कमी करा. कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये तासभर ठेवा, दोन तास ठेवलात तरी चालेल. गार झाला की हा पापुद्रा ठिसूळ होतो, बाहेर काढल्या काढल्या दोन्ही हातांनी डागाच्या जागी कापड मागेपुढे वाकवा, कटकट तुटतो. सुटे झालेले तुकडे चमच्याच्या कडेने किंवा लोणी लावायच्या बोथट सुरीने उचला, सुरी आडवी धरायची, खुपसायची नाही. धारदार ब्लेड अजिबात नको. जो तुकडा सहज येत नाही त्याला तिथेच राहू द्या, ओढलात तर धागा घेऊनच येईल. थर पातळ असेल तर फ्रीझरची गरजच नाही, सरळ भिजवायला घ्या.

भिजवायचं पाणी साधारण ४० अंशांचं, म्हणजे हात बुडवून आरामात ठेवता येईल इतपत कोमट. अर्ध्या बादलीला एक चमचा लिक्विड डिटर्जंट किंवा भांडी घासायचं लिक्विड पुरतं. सुती पांढऱ्या कपड्याला यापेक्षा गरम पाणी चालतं, रंगीत असेल तर नको, आणि उकळतं तर कशालाच नको. डागाची बाजू पाण्याखाली नीट बुडली पाहिजे, तरंगत राहिली तर वर वाटी उपडी ठेवा. अर्ध्या तासाने बघा, डाग पांढराफटक दिसायला लागला असेल, बरेच जण इथे घाबरतात की डाग वाढला, पण वाढलेला नाही, त्याने पाणी घेतलंय, हीच तर चांगली खूण.

आता अंगठ्याने हळू चोळायचं, कापडाच्या विणीच्या दिशेने, उभं किंवा आडवं, गोल गोल नाही. छोट्या छोट्या शेवया सुटायला लागतात. त्या लगेच पाण्यात झटकून टाका नाहीतर शेजारी जाऊन परत बसतात. पाणी गार झालं की बदला. परत वीस मिनिटं ठेवा, परत चोळा. ताजा म्हणजे कालचा डाग असेल तर दोन फेऱ्यांत जातो, पंधरा दिवसांचा असेल तर रात्रभर भिजवून सकाळी तीन-चार फेऱ्या लागतात, आणि लागू द्या. टूथब्रश घ्यायचाच असेल तर जुना, मऊ झालेला, आणि फक्त जीन्स, कॅनव्हास, चादर अशा जाड कापडाला.

एवढं करूनही हाताला कडक लागत असेल, डाग दिसत नाही पण कांजी केल्यासारखी जागा जाणवते, तर धाग्यांच्या आत थोडा राहिलाय. त्याला मेडिकलमध्ये मिळतं ते सर्जिकल स्पिरिट. कपडा आधी पूर्ण वाळवा, कारण ओल्या कपड्यात स्पिरिट पातळ होऊन जातं. डागाखाली पांढरा जुना रुमाल, वरून कापसाने स्पिरिट टिपत टिपत लावायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि दाबून टिपून घ्यायचं, रुमालाची जागा प्रत्येक वेळी बदलायची. स्पिरिटने बऱ्याच रंगांना धोका असतो त्यामुळे मायेवरची टेस्ट इथे टाळू नका. घरात पातळ स्प्रेवाला सॅनिटायझर असेल तर तोही चालतो, जेलवाला नको, जेलमधले दाट करणारे पदार्थ कपड्यावर चिकट राहतात.

व्हिनेगरचं खूप जण सांगतात. कोमट करून पाण्याबरोबर अर्धं अर्धं वापरलं तर थोडी मदत होते, जुन्या पातळ डागाला मी वापरते, पण त्याने चमत्कार होत नाही आणि जरीच्या जवळ तर ते जाऊच देऊ नका, धातूची जर काळी पडू शकते. व्हिनेगर खरं कामाला येतं ते स्लाइमला. मुलं फेविकॉलमध्ये बोरॅक्स वगैरे घालून जो स्लाइम करतात त्यातली चिकट जोडणी आम्लाने सुटते, त्यामुळे स्लाइमच्या डागावर व्हिनेगर ओतून पाच मिनिटं ठेवलं की तो पातळ होतो आणि कोमट पाण्याने निघून जातो.

एक अडचणीची गोष्ट, सुताराने वापरलेला वॉटरप्रूफ फेविकॉल असेल तर तो मुद्दामच पाण्यात न सुटणारा बनवलेला असतो. फर्निचरचं काम चालू असताना चादरीवर वगैरे पडतो तो हा. त्याला फ्रीझर आणि मग स्पिरिट, आणि तरी थोडी खूण राहील असं धरूनच चाला.

ग्लू गन

इथे पाणी विसरा. ती कांडी म्हणजे वितळणारं प्लास्टिक आहे, लहान गनमध्येसुद्धा ते साधारण १२० अंशांपर्यंत तापतं आणि मोठ्या गनमध्ये १९०च्या आसपास, म्हणून आधी पोराच्या अंगावरच्या कपड्यावर पडलं असेल तर कपड्याचं नंतर, कातडी गार पाण्याखाली धरा.

गोळा गार झाला की फ्रीझरमध्ये तासभर. बाहेर काढून कडेने चमचा घाला, गुळगुळीत सिंथेटिक कपड्यावरून बऱ्याचदा अख्खा गोळा टिचकी मारल्यासारखा निघतो. सुती कपड्यात तो धाग्यांना धरून बसतो, तिथे कडेकडेने स्पिरिटचे थेंब सोडायचे, ते गोळ्याच्या खाली शिरलं की पकड सुटते, साधारण मिनिटभरात कड उचलली जाते, मग परत थेंब, परत थोडं उचलायचं, असं करत मधल्या भागापर्यंत जायचं. मला स्वतःला हा उपाय सगळ्यात जास्त आवडतो कारण कापडाला काही होत नाही.

इस्त्रीचा उपाय शेवटचा ठेवा. डागाच्या खाली एक आणि वर एक खाकी कागद (वर्तमानपत्र नको, शाई उतरते), इस्त्री अगदी कमीवर, पाच-सात सेकंद दाबायची आणि उचलायची, सरकवायची नाही. कागदाला ग्लू लागतो, कागद बदला, परत. स्पिरिट लावलेलं असेल तर ते पूर्ण उडून गेल्याशिवाय इस्त्री जवळ आणू नका, ते पेट घेतं. आणि सिंथेटिक कपडा असेल तर इस्त्रीचा विचारच सोडा, ग्लू वितळायच्या आधी कापड चकाकायला लागतं आणि ती चकाकी जात नाही.

फेविक्विक

सुती किंवा लोकरीच्या कपड्यावर हे जास्त प्रमाणात सांडलं तर एकदम तापतं, धूर येतो, चटका बसतो, हे खूप कमी लोकांना माहीत असतं. हवेतल्या आणि धाग्यातल्या ओलाव्याने ते कडक होतं आणि कापसासारख्या धाग्यात ते इतक्या झपाट्याने होतं की उष्णता बाहेर पडते. त्यामुळे सांडल्या सांडल्या कापसाने किंवा टिश्यूने पुसायला जाऊ नका, कपडा अंगापासून लांब ओढून धरा आणि लगेच काढा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवत हळूहळू सोडवा, डोळ्याजवळ काही झालं असेल तर सरळ डॉक्टर.

वाळलेल्या फेविक्विकला ॲसिटोन लागतं, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं ते, पण बाटलीवर ॲसिटोन लिहिलंय का बघून घ्या, हल्ली बरेच रिमूव्हर त्याच्याशिवाय असतात आणि ते इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. खिडक्या उघडा, गॅस बंद करा, देवघरात निरांजन किंवा उदबत्ती चालू असेल तर हे काम नंतर करा, ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते. कपडा उलटा करा, डागाची बाजू खाली पांढऱ्या कपड्यावर, आणि मागून कापसाने ॲसिटोन लावा म्हणजे सुटलेलं फेविक्विक खालच्या कपड्यात जाईल, परत आत मुरणार नाही. पाच मिनिटं, मग खालची जागा बदला, परत लावा. मऊ झालं की चमच्याने खरवडा. घाईत अर्धवट मऊ असताना ओढलं तर भोक पडतं, मी पडलेलं बघितलंय.

ॲसिटेट नावाच्या कापडाला ॲसिटोन लावलं तर ते कापडच विरघळतं. काही चकचकीत अस्तरं आणि सॅटिनसारखी दिसणारी कापडं त्याची असतात. लेबलवर ॲसिटेट, ट्रायॲसिटेट किंवा मोडॲक्रिलिक लिहिलं असेल, किंवा लेबलच नसेल आणि कापड कसलं ते कळत नसेल, तर नको. प्लास्टिकच्या टिकल्या, काही बटणं, खडे हेही त्याने खराब होतात. आणि काम करताना शेजारी जुना थर्माकोल पडला असेल तर उचलून ठेवा, तो तर ॲसिटोनमध्ये डोळ्यांसमोर वितळून जातो.

पिवळं सोल्युशन

हे रबराचं असतं. वरवरचं असेल तर अंगठ्याने चोळून त्याच्या गोळ्या होतात, तेवढ्या काढा. उरलेल्यावर निलगिरीचं किंवा खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, मऊ झालं की टिपा, मग तेलाचा डाग काढायला भांड्यांचं लिक्विड सुकंच चोळून नंतर कोमट पाण्याने धुवा. रॉकेल-पेट्रोलचे उपाय घरात करू नका. जास्त मुरलं असेल तर ड्रायक्लीनर.

रेशीम, पैठणी, जर

यात मी हात घालत नाही आणि तुम्हीही घालू नका. रेशमाला पाण्याचा नुसता थेंब पडला तरी कधी कधी कडेला रिंगण उमटतं, ओलं असताना चोळलं तर चमक जाते, आणि जरीला आम्लाची भीती आहेच. आपण करायचं ते इतकंच: डागावर घडी पडू द्यायची नाही, मध्ये बटर पेपर ठेवायचा, इस्त्री करायची नाही आणि शक्य तितक्या लवकर चांगल्या ड्रायक्लीनरकडे द्यायची. जाताना ग्लूची बाटली किंवा तिचा फोटो न्या, कुठला ग्लू, कधी सांडला, आपण काही लावलंय का, हे सगळं खरं खरं सांगा. घरी काही प्रयोग करून झालेले असतात आणि ते लाजेने सांगितले जात नाहीत, मग त्यांना कसं कळणार पुढे काय वापरायचं. डाग दाखवून त्याच्याभोवती कच्चा टाका घालून दिला तर दुकानात शोधावा लागत नाही.

सतरंजी, सोफ्याचं कव्हर, पडदा असं काही बादलीत बुडवता येत नसेल तर टॉवेल कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून पिळायचा आणि डागावर चौपदरी करून वीस मिनिटं ठेवायचा, वर ताट उपडं घातलं की ऊब टिकते. मग पापुद्रा चमच्याने उचलायचा. तीन-चार वेळा करावं लागतं, शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबण टिपून घ्या आणि पंख्याखाली सुकवा, आत ओल राहिली तर वास येतो.

डाग गेल्यावरचं पहिलं धुणं वेगळं, मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर नको, सुटलेले कण काळ्या पँटवर जाऊन बसतात. सावलीत वाळवा आणि वाळल्यावर डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासा. ओल्या कपड्यात धाग्यांत राहिलेला थोडासा ग्लू दिसतही नाही आणि हाताला लागतही नाही. बोटाला खरखरीत लागलं तर परत भिजवा, मऊ लागलं तरच इस्त्री.

आणि रात्री दहाला कळलं की युनिफॉर्मवर फेविकॉल वाळलाय आणि दुसरा धुतलेला नाही, सकाळी सातची शाळा, तर पूर्ण शर्ट बुडवू नका, सकाळी वाळणार नाही. फक्त डागाचा भाग चिमटीत धरून वाटीभर कोमट साबणाच्या पाण्यात सोडा, बाकीचा शर्ट वाटीबाहेर, वाटी ओट्यावर. तासाभराने शेवया काढा, एकदा पाणी बदलून आणखी अर्धा तास, मग तेवढाच भाग साध्या पाण्यात खळबळून टॉवेलमध्ये दाबा आणि पंख्याखाली हँगरला लावा. थोडा कडकपणा राहील, त्या जागी इस्त्री न फिरवता शर्ट घालून पाठवा, उरलेलं शनिवारी निवांत भिजवून काढता येतं.